डोळे बांधून ट्रेलर लावण्याची शर्यत

डेल्मर टोर्गर्सनचा उजवा डोळा ऑक्टोबरात गेला आणि नोव्हेंबरापासून त्याचा संसार सुखाचा झाला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे जगात एकट्या डेल्मरला माहीत होतं. बायकोला, म्हणजे आर्डिसला, त्याचा वाससुद्धा लागू नये म्हणून तो गेले तीन महिने जिवाचं रान करत होता.

डोळा गेला म्हणजे काही फुटला-बिटला नव्हता. बाहेरून अगदी शाबूत, निळाशार, नुसता शोभेचा. डॉक्टरनं आत उजेड मारून बघितलं आणि सांगितलं, "आतला पडदा सुकलाय. हा डोळा परत यायचा नाही. डावाही त्याच वाटेला लागलाय, पण सावकाश. अंधारात गाडी चालवायची नाही, आणि मागे ट्रेलर बांधून तर मुळीच नाही."

बाहेर बाकावर आर्डिस विणत बसली होती. "काय म्हणाला?"

"वयाच्या मानानं झकास," डेल्मर म्हणाला. "थेंब दिलेत."

तिकडे दारात अठ्ठावीस फुटी नवा कोरा ट्रेलर उभा होता. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. खरं घर भाड्यानं देऊन झालं होतं. नॉर्थ डकोटाच्या थंडीला रामराम ठोकायचा आणि हिवाळाभर ॲरिझोनाच्या वाळवंटात हिंडायचं, हे गाणं डेल्मरनंच दहा वर्षं सगळ्या गावाला ऐकवलं होतं. शिवाय हा माणूस चौतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी चालवून निवृत्त झालेला. त्याला नाचता येत नव्हतं, स्वयंपाक येत नव्हता, बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नव्हता. गाडी तेवढी येत होती. तीही काढून घेतल्यावर डेल्मर टोर्गर्सन म्हणून उरणार काय? एक टोपी आणि दोन बूट. म्हणून बोलला खोटं. भित्रा माणूस दुसरं काय करणार?

चार दिवसांनी सांगू, असं ठरवून तो निघाला. पण रस्त्यात भलतंच झालं. डोळा गेल्यामुळे नवरा सुधारला!

पूर्वी डेल्मर पुढे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या घालत तिला मागे टाकायचा. आता अंतराचा अंदाज येईना, म्हणून तो ताशी पन्नास मैलांच्या वर जाईना. आर्डिस म्हणाली, "किती शांत झालास रे तू निवृत्त झाल्यापासून!" पूर्वी तो पाट्या स्वतः वाचायचा आणि चुकायचा. आता विचारू लागला, "आर्डी, काय म्हणतेय गं ती पाटी?" तिला वाटलं, एक्केचाळीस वर्षांनी ह्याला माझ्याशी बोलावंसं वाटायला लागलं. खाणावळीत खाण्याची यादी समोर आली की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. मग तो यादी मिटून म्हणायचा, "तूच सांग. मला काय आवडतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." हे ऐकून कॅन्ससमधल्या एका वाढपिणीनं डोळे पुसले होते. आणि उजवा डोळा गेला, म्हणजे गेली कुठली बाजू? आर्डिस बसायची तीच; तिकडे चालवणारा डावीकडे बसतो. ती बोलली की त्याला मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघावं लागायचं. "लग्नाच्या आधीसुद्धा तू असा बघत नव्हतास," ती एकदा म्हणाली आणि चक्क लाजली. पासष्टीची बाई लाजली! अशा वेळी कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाई गं, हे प्रेम नव्हे, पडदा सुकलाय?

पण खरी कमाल झाली ती ट्रेलर मागे घेताना.

ट्रेलर पुढे ओढायला काही अक्कल लागत नाही. मागे घेताना मात्र चाक इकडे फिरवावं तर ट्रेलर तिकडे जातो, आणि जरा जास्त फिरवलं तर मधोमध दुमडून बसतो. म्हणून एकानं गाडीत बसायचं आणि दुसऱ्यानं मागे उभं राहून ओरडायचं, अशी सगळीकडची रीत. वाळवंटातल्या तळांवर कुणी नवीन जोडपं ट्रेलर मागे घ्यायला लागलं की जुनी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसतात. फुकटचा तमाशा. लग्न टिकणार की नाही हे चर्चमध्ये कळत नाही, ट्रेलर मागे घेताना कळतं, असं तिथे म्हणतात ते काही उगाच नाही.

टोर्गर्सनांचा तमाशा पूर्वी पहिल्या नंबराचा असे. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. तिनं डोळे वटारले की तीनशे पोरं गाजरं खायची. तिचं न ऐकणारा प्राणी जगात एकच, आणि तो तिच्या घरात राहायचा. जुना छोटा ट्रेलर होता तेव्हा एकदा ती "थांब" म्हणून अशी ओरडली होती की शेजारच्या दोन कुत्र्यांनी बसकण मारली. डेल्मर मात्र थांबला नाही. तो सरळ पाण्याच्या नळावर गेला. कारंजं उडालं, चाळीस माणसं भिजली, आणि हा भिजलेला शहाणा बायकोला म्हणाला, "तुला नीट ओरडता येत नाही."

ह्या हिवाळ्यात मात्र आरशात बघून उपयोग नव्हता. सरळ रेघा वाकड्या दिसायच्या आणि दहा फूट की तीस, हे कळायचं नाही. पहिल्याच मुक्कामाला डेल्मरनं जीव मुठीत धरून वॉकीटॉकी कानाशी लावला आणि आर्डिस म्हणेल तसं केलं. तिनं डावं-उजवं कधीच काढून टाकलं होतं. 'तुझ्या बाजूला' म्हणजे चालवणाऱ्याची बाजू, 'माझ्या बाजूला' म्हणजे ती बसते ती. ती म्हणाली "माझ्या बाजूला थोडं", ह्यानं थोडंच घेतलं. ती म्हणाली "थांब", हा थांबला. ट्रेलर सुतात जाऊन बसला.

आर्डिस खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. डाव्या डोळ्यानं जेवढा दिसला तेवढा. "डेल," ती म्हणाली, "तू माझं ऐकलंस."

"ऐकतोच मी," डेल्मर म्हणाला. निर्लज्ज!

त्या दिवशी संध्याकाळी तिनं बटाट्याचे गोळे लावून हॉटडिश केली, भट्टीत भाजलेलं ते त्यांच्याकडचं सणाचं जेवण, तेही सण नसताना. आणि डेल्मरची खरी पंचाईत झाली ती तिथपासून. आता डोळ्याचं खरं सांगितलं तर गाडी जाणार होती, ते एक वेळ सोसलं असतं. पण त्याबरोबर हेही कळणार होतं, की हा माणूस सुधारलेला नाही, फक्त आंधळा झालाय. मग ही नवी आर्डिसही जाणार होती. ते त्याला सोसवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यानं मूठ जी आवळली ती तीन महिने उघडली नाही.

फेब्रुवारीत ते ॲरिझोनातल्या यूमा गावाच्या वरच्या अंगाला सरकारी माळावर येऊन राहिले. हात वर केलेले निवडुंग, लांबवर दगडी डोंगर, आणि मधे शे-दीडशे ट्रेलर. सगळी आपल्यासारखीच सुरकुतलेली, थंडीतून पळालेली माणसं. तिथे मॅव्हिस नावाची एक विधवा होती, पंच्याहत्तरची, पूर्वी गुरांच्या लिलावात बोली पुकारायची. आता पुकारायला गुरं नव्हती म्हणून कर्णा घेऊन तळ हाकायची. तिनं टोर्गर्सनांना ट्रेलर लावताना पाहिलं आणि तरातरा चालत आली.

"तुम्ही दोघं भांडला नाहीत," ती दरडावून म्हणाली.

"नाही," आर्डिस म्हणाली.

"मी बावीस वर्षं इथे येते. हे मी पाहिलेलं नाही. बुधवारी शर्यत आहे. नवऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, बायकोनं बाहेरून सांगायचं, आणि ट्रेलर बादल्यांच्या मधून मागे घ्यायचा. तुमचं नाव घातलंय."

"छे छे," डेल्मर घाईघाईनं म्हणाला, "आपल्याला कशाला हा पोरखेळ?"

"अरे चल रे!" आर्डिसचा आवाज विशीतल्या मुलीसारखा झाला होता. "आयुष्यात एकदा तरी मला तुझ्याबरोबर काहीतरी जिंकू दे."

आता ह्यावर नाही म्हणणारा नवरा दगडाचाच असायला हवा. डेल्मर दगडाचा होता, पण ते ऑक्टोबरापर्यंत.

बुधवारी दुपारी सगळा माळ खुर्च्या घेऊन हजर. बारा जोड्या होत्या. डेल्मर आपल्या पिकअपच्या सावलीत उभा राहून स्वतःलाच हसत होता. टोर्गर्सन, हा बाकीच्या अकरा जणांवर अन्याय आहे. ते बिचारे आज पहिल्यांदा आंधळे होणार. तुझी तीन महिन्यांची तालीम झालीय.

पहिली पाळी क्लेटनची. हा टोर्गर्सनांचा माळावरचा शेजारी, तेलाच्या विहिरींवर मुकादम होता, आवाज पहाडी, ट्रेलर चाळीस फुटी. त्याची बायको जोलीन चिमणीएवढी.

"क्लेटन, तुझ्या बाजूला बादली आहे," जोलीन म्हणाली.

"नाहीये."

"आहे! मला दिसतेय ना!"

"मला जाणवतंय, नाहीये!" डोळ्यांवर पट्टी बांधलेला क्लेटन खिडकीतून गरजला. कडकट्ट. "हे काय होतं?"

"बादली."

चार बादल्या आणि मॅव्हिसची खुर्ची, एवढं चिरडून क्लेटन उतरला आणि म्हणाला, जोलीनला सांगताच येत नाही. पुढचे काही फार वेगळे नव्हते. एकानं वाद घालायला पट्टीच काढली. एकजण बायको "थांब" म्हणाली की "का?" विचारायचा, आणि कारण कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. एक जोडपं शर्यत अर्ध्यात सोडून निरनिराळ्या दिशांना चालत गेलं. माळ हसून हसून गडबडा लोळायचा बाकी राहिला. डेल्मरही हसला, पण जपून. ह्या प्रत्येकात त्याला नळावर गेलेला एक शहाणा दिसत होता.

मग त्याची पाळी आली. मॅव्हिसनं पट्टी करकचून बांधली.

अंधार झाला आणि त्यात आर्डिसचा आवाज आला. "चल, डेल. सरळ मागे. सावकाश." डेल्मरनं स्टिअरिंगच्या चाकाच्या तळाशी हात ठेवला. "माझ्या बाजूला, बोटभर. पुरे. आता तुझ्या बाजूला. अजून. अजून. छान." तिच्या आवाजात कुठे घाई नव्हती, की धाक नव्हता. ती जणू त्याचा हात धरून अंधाऱ्या जिन्यावरून उतरवत होती. डेल्मरच्या मनात आलं, हा आवाज एक्केचाळीस वर्षं आपल्या कानाशी होता आणि आपण आरशात बघत बसलो. पट्टी ओली झाली, पण ते कुणाला दिसणार नव्हतं, ही पट्टीची सोय होती.

"थांब," आर्डिस म्हणाली. तो थांबला. सगळा माळ ओरडायला लागला. एकही बादली हलली नव्हती.

बक्षीस म्हणजे संडासाच्या टाकीचा एक जुना पाइप, सोनेरी रंग देऊन फळीवर ठोकलेला. मॅव्हिसनं तो डेल्मरच्या हातात दिला आणि कर्णा त्याच्या तोंडाशी धरला. "जिंकणाऱ्यानं आपलं गुपित सांगायचं, असा इथला कायदा आहे. बोला, टोर्गर्सन."

सांगायची हीच वेळ होती. सोन्यासारखी संधी, सोनेरी पाइपासकट. डेल्मरनं तोंड उघडलं, दीडशे चेहऱ्यांच्या धुक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी माझ्या बायकोचं ऐकतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ढोसलं. आणि आर्डिसनं कर्णा स्वतःच्या हातात घेतला.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "डेलला हे माहीत नाही. ऑक्टोबरात मी आमच्याकडे फार्गोला माझ्या बहिणीला फोन केला होता. म्हटलं, तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेव. हा एक हिवाळा ह्याच्या हौसेसाठी काढते, आणि एप्रिलमध्ये येते. एकटी." ढोसायला उचललेली कोपरं तशीच राहिली. "दुष्ट नाही हो तो. पण एक्केचाळीस वर्षं भिंतीशी बोलून माणूस थकतो. जानेवारीत मी बहिणीला परत फोन केला. म्हटलं, दे ती जागा कुणालाही. भिंतीला कान आलेत."

पुन्हा टाळ्या. आर्डिसनं त्याच्या गालाचा मुका घेतला, उजव्या बाजूनं, त्यामुळे तो दचकला. सगळ्यांना वाटलं, लाजला.

त्या संध्याकाळी क्लेटन-जोलीनबरोबर जेवताना डेल्मरच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. एकटी! त्यानं कधी स्वप्नातसुद्धा तसं आणलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं आपण आपल्या खुर्चीत बसून समजत होतो, की सगळं ठीक चाललंय. आणि ती मनातल्या मनात सामान बांधत होती. आता ती राहिलीय ती एका थापेवर. थाप उघडी पडली की एप्रिल.

"उद्या सकाळी आमच्याबरोबर निघा," क्लेटन मका खाता खाता म्हणाला. "खाणीच्या जुन्या रस्त्यानं डोंगर ओलांडू. काय दिसतं वरून! रस्ता अरुंद आहे, उजव्या अंगाला सातशे फूट दरी, पण तुमच्यासारख्या चालवणाऱ्याला काय त्याचं!"

"जाऊ या ना, डेल," आर्डिस म्हणाली.

उजव्या अंगाला. म्हणजे आंधळ्या अंगाला. म्हणजे आर्डिसच्या अंगाला. डेल्मर "बघू" म्हणाला आणि मक्याचं कणीस तसंच खाली ठेवलं.

सकाळी ट्रेलर पिकअपला जोडून झाला. आर्डिस नेहमीसारखी हातातली यादी मोठ्यानं वाचत होती. "पायरी?" "आत." "गॅस?" "बंद." "खिडक्या?" "बंद." "साखळी?" "लावली."

"झालं तर," ती म्हणाली. "चल, क्लेटन वाट बघतोय."

"आर्डी," डेल्मर म्हणाला, "मला दिसत नाही."

"काय दिसत नाही? किल्ली? हातात तर आहे तुझ्या."

"तू दिसत नाहीस."

आर्डिसनं यादी खाली केली. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती.

"किती?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"बोटं."

"तू बोटं धरलीयस?"

हात खाली आल्याचं त्याला नुसतं ऐकू आलं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, पडदा, थेंब, डाव्याची लागलेली वाट. सांगताना तो टोपीशी बोलत होता, कारण टोपी हातात होती आणि ती उलट बोलणार नव्हती.

"म्हणजे ती खाण्याची यादी?" आर्डिसनं विचारलं.

"वाचता येत नव्हती."

"पन्नासच्या वर न जाणं?"

"भीती वाटायची."

"आणि माझ्याकडे असं वळून बघणं?"

"त्या बाजूचं काही दिसत नाही. पूर्ण वळावं लागतं." आणि मग, बघा, गाढवपणाला सीमा नसते म्हणतात तसं, तो पुढे म्हणाला, "पण वळल्यावर आवडायचं."

"आणि माझं ऐकणं?"

डेल्मरला पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं. सवयही झाली होती. "दुसरा इलाज नव्हता, आर्डी," तो म्हणाला. "आंधळा झालो म्हणून ऐकलं. काल सगळ्यांसमोर खोटं बोललो. फार्गोची जागा... अजून मिळत असेल तर फोन कर. मी नाही म्हणणार नाही. म्हणायला तोंड नाही मला."

आर्डिस ट्रेलरमध्ये गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. डेल्मर पायरी आत असल्यामुळे एका दगडावर बसला. क्लेटननं येऊन दोनदा भोंगा वाजवला. "आम्ही येत नाही," डेल्मर म्हणाला. "का?" "मी मूर्ख आहे म्हणून." क्लेटनला हे कारण पटलेलं दिसलं, तो निघून गेला. आतून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. डेल्मरला शब्द ऐकायचे नव्हते. फार्गोची थंडी, दोन खोल्या, आणि आपण कुठे? आपल्याला तर एकट्याला इथून हलतासुद्धा येणार नाही. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखे बसून राहू. आणि तेच आपल्या लायकीचं आहे.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आर्डिसनं पायात जाड तळव्यांचे बूट घातले होते आणि डोळे लाल होते.

"तीन हजार मैल," ती म्हणाली. "तीन हजार मैल मला आंधळ्याच्या शेजारी बसवून फिरवलंस! विणत बसले होते मी, डेल. विणत! ह्याबद्दल मी तुला सोडणार नाही, कळलं?"

"कळलं."

"यूमात डोळ्यांचा डॉक्टर आहे. उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय. तो काय म्हणतो ते मी आत बसून ऐकणार. किल्ली दे."

डेल्मरनं दिली. "तू हा ट्रेलर चालवणार?"

"तीन महिने मीच तर चालवतेय. फक्त बाहेर उभी राहून."

ती गाडीकडे वळली तेव्हा त्याला राहवेना. "पण आर्डी, मी ऐकलं ते दिसत नव्हतं म्हणून..."

"काल किती जणांच्या डोळ्यांवर पट्टी होती?" तिनं मागे न बघता विचारलं.

"बारा."

"कुणाला दिसत होतं?"

"कुणालाच नाही."

"क्लेटननं ऐकलं जोलीनचं?"

"नाही," डेल्मर म्हणाला.

"दिसत नाही म्हणून माणूस ऐकायला लागतो होय?" आर्डिस म्हणाली. "मग अकरा बायका काल रडत घरी गेल्या नसत्या. जा, मागे उभा राहा. पुढे कोरडा ओढा आहे, आधी मागेच यावं लागेल."

डेल्मर वॉकीटॉकी घेऊन ट्रेलरच्या मागे गेला. कालच्या शर्यतीच्या बादल्या अजून तिथेच पडल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा तो ह्या टोकाला उभा होता. डाव्या डोळ्यानं जमेल तेवढं बघत तो सांगायला लागला. "तुझ्या बाजूला थोडं. सरळ. ये, ये. माझ्या बाजूला... थांब! आर्डी, थांब! बादली आहे!"

ट्रेलर मुळीच थांबला नाही. चाक अगदी सावकाश, घाई न करता बादलीवर चढलं, बादली कण्हली, चपटी झाली, आणि मग ट्रेलर उभा राहिला.

"ऐकू आलं नाही का?" डेल्मर ओरडला.

"आलं की," वॉकीटॉकीतून आर्डिसचा थंड आवाज आला. "अगदी स्पष्ट."

"मग?"

"ही एक झाली. एक्केचाळीस वर्षांच्या अजून पुष्कळ राहिल्यात."

डेल्मरनं त्या चपट्या बादलीकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षांच्या म्हणजे केवढा ढीग, ह्याचा त्यानं मनाशी अंदाज घेतला. एवढ्या सगळ्यांवरून गाडी घालायची तर एप्रिलपर्यंत काही उरकणार नव्हतं. पुढचा हिवाळा लागणार, आणि त्याच्या पुढचाही. त्यानं नाक पुसलं, वाकून आणखी एक बादली उचलली आणि नेऊन तिच्या चाकाच्या बरोबर मागे ठेवली.

"ये, आर्डी," तो म्हणाला. "सरळ मागे ये."